शब्दकोशाच्या पाठीतलं कार्ड

दि. ५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बातमी पहिल्याच ओळीत सांगते, नाहीतर तुम्ही नेहमीसारखं पत्राचं शेवटचं पान आधी वाचाल. माझी निवड झाली! बावीस मार्चला आमची सहाजणांची तुकडी निघणार. नऊ महिने परदेशात, एका शाळेच्या ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून काम. तिथे पुस्तकं खोक्यांतून येऊन पडली आहेत. अर्ध्यांची पानं सुटलेली आणि यादी कसलीच नाही. ती लावायची, नोंदवायची आणि तिथल्या दोन शिक्षिकांना ते काम शिकवून परत यायचं. मुलाखतीत विचारलं की पदवीखेरीज तुला काय येतं. मी म्हटलं, पुस्तकाचा सुटलेला फर्मा दाभणाने शिवता येतो आणि गुठळी न होता चिकटवायची खळ शिजवता येते. आधी ते हसले, मग तिघांनीही ते लिहून घेतलं. म्हणजे निवड अर्धी तुमची आहे.

हे सगळं मी परवा फोनवर सांगितलं होतं. पण पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या कटिंग मशीनने तुमचे कान नेल्यापासून तुम्ही फोनवर सगळ्यालाच हो म्हणता, म्हणून पुन्हा लिहिलं. आईने ऐकलं. जा म्हणाली, मी कोण अडवणारी, असंही तीनदा म्हणाली आणि फोन तुमच्या हातात दिला. तिची समजूत तुम्ही काढा.

तिला सांगा की मी काही उघड्यावर पडायला चाललेली नाही. उकळलेलंच पाणी, मच्छरदाणी, हिवतापाच्या गोळ्या, सगळं ठरलेलं आहे. शिवाय लसी आहेत. काल लसीकरण केंद्रात जाऊन आले. एक पांढरा फ्रिज, त्याला तापमानाचा तक्ता लटकवलेला, भिंतीला टेकवलेल्या पाच खुर्च्या आणि एक सिस्टर, जी बोलता बोलता सुई टोचून मोकळी होते. माझ्या आधीचा आडदांड माणूस सुई बघूनच खुर्चीवरून घसरला. मी विषमज्वराची घेतली आणि हूं की चूं केलं नाही. मुख्य लस राहिली आहे, पीतज्वराची. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिची नोंद असलेली पिवळी पुस्तिका दाखवल्याशिवाय त्या देशात पाऊलच टाकू देत नाहीत. त्याचा एक लांबलचक फॉर्म होता. मोठं आजारपण, नाही. फीट, नाही. अंडं किंवा औषध सोसत नाही असं काही, नाही. सगळीकडे नाही लिहून झोकात सही केली.

आता काम. माझं लहानपणचं लसीचं कार्ड लागणार आहे. गोवर, कावीळ, धनुर्वात, सगळ्याचे शिक्के त्यावर असतील. लहान मुलांत काम असल्यामुळे संस्थेला ते कागदावरच हवं. कार्ड नसेल तर सगळ्या लसी पहिल्यापासून, आणि त्याला सहा महिने लागतात. तुकडी माझ्यासाठी थांबणार नाही. केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे तारीख आहे सव्वीस फेब्रुवारीची. तेवढं कार्ड धाडून द्या.

तुमच्या दोघांच्या लोभाची मला सवयच आहे, ती मोडू नका.

तुमची
चिठोरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. चिठोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. यावेळी मी पहिल्या पानापासून वाचलं, खरंच. मग कारखान्यात नेलं आणि फर्मे मोजणाऱ्या बाईंपासून मालकांपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही आणि तू एकदम समुद्रापलीकडे. मालक म्हणाले, पोरगी तुमची ना नक्की? मी म्हटलं, खळ शिजवता येते, आणखी काय पुरावा पाहिजे.

आता कार्डाचं. चार दिवस घर उलथंपालथं आहे. तुझ्या आईने पेटी, कपाट, गादीखाली, देवाच्या फोटोमागे, सगळीकडे पाहिलं. तुझा पहिलीपासूनचा प्रत्येक निकाल सापडला. तुझा पडलेला दातसुद्धा सापडला. कार्ड नाही. परवा तिने मला विचारलं की ते कार्ड कुठल्या रंगाचं होतं. मी पटकन म्हणालो, गुलाबी, चांगलं जाड, दोन्हीकडून गुळगुळीत. ती म्हणाली, बापाला लेकीच्या लसी आठवत नाहीत, पण पुठ्ठ्याचा जाडपणा आठवतो. आणि तिथेच मला सगळं आठवलं.

तू पाचवीत गेलीस तेव्हा तुला जुना शब्दकोश बांधून दिला होता, आठवतंय? तुला तो दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत न्यायचाच होता. रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. घरात पाठीला लावायला पुठ्ठा नव्हता आणि कारखाना बंद. खणात ते कार्ड दिसलं. तुझ्या सगळ्या लसी झाल्या होत्या. मला वाटलं, त्याचं काम संपलं. दुमडून पाहिलं तर शब्दकोशाच्या पाठीला अगदी बेतशीर. एका बाजूने अर्धं बोट जास्त होतं तेवढं कापलं.

तर पोरी, तुझं कार्ड बारा वर्षं तुझ्याच टेबलावर आहे.

तुझी आई हे ऐकून आधी हसली आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाजी वाढतानासुद्धा भिंतीकडे बघून वाढते.

पाठ अशी उघड. सुरी घालू नकोस. कोमट पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळ, ते पाठीवरच्या कापडावर पाव तास ठेव. खळ फुगली की कापड वरच्या टोकाकडून हलकं सुटतं. ओढायचं नाही, नखाने नुसतं सुचवायचं. आतलं कार्ड ओलं असेल तर दोन वह्यांमध्ये दाबून वाळव. शिक्के जुन्या पक्क्या शाईचे आहेत, फुटणार नाहीत. आणि कापड फेकू नकोस, परत लावता येईल.

आमचं लक्ष तुझ्याकडे आहे, तुझं पत्राकडे असू दे.

तुझा
बाबा

ता. क. तुझी आई विचारते की तिकडे साप आहेत का. मी नाही म्हटलंय. असले तरी तू नाहीच लिही.


दि. १७ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

कार्ड सापडलं.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. फडक्याखाली पाव तास. खोलीतली मैत्रीण म्हणाली, शब्दकोशाला ताप आला आहे का, पट्ट्या ठेवते आहेस ती. कापड सुटलं आणि आत गुलाबी रंग दिसला तेव्हा मी एकटीच ओरडले. बाबा, तुमच्या खळीला बारा वर्षांनीसुद्धा वास येत नव्हता. शिक्के सगळे आहेत. गोवराचे दोन, काविळीचे तीन, पोलिओची तर रांग. नाव, जन्मतारीख, आईची डाव्या बाजूला झुकणारी सही. मी ते वह्यांमध्ये दाबलं आणि वर धुण्याची बादली ठेवली.

वाळल्यावर दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. मागच्या बाजूला, जिथे तुम्ही अर्धं बोट कापलंत तिथे, काठाला एक ओळ लाल शाईत आहे. अक्षर शिक्के मारणाऱ्या सिस्टरचं असावं. अंडे दिल्यावर ओठ व गळा सुजला, श्वास लागला, पुढे. एवढंच. पुढे या शब्दानंतरचं कात्रीत गेलं.

मी ती ओळ दहा वेळा वाचली. मला असं काही आठवत नाही. मला एवढंच माहीत आहे की आपण अंडं खाणारी माणसं नाही. म्हणूनच फॉर्मवर नाही लिहिलं होतं. मग मी केंद्रातला माहितीचा कागद काढला. पीतज्वराची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. ज्याला अंडं सोसत नाही त्याने आधी सांगायलाच हवं. अशा माणसाला ती लस देतीलच असं नाही. लस नाही तर पुस्तिका नाही, आणि पुस्तिका नाही तर जाणं नाही.

खोटं लिहीत नाही, दोन दिवस माझ्या मनात वाईट विचार होता. सिस्टर पुढची बाजूच बघणार. शिक्के मोजले की झालं. ओळ अर्धी आहे, फिकट आहे. कार्ड एका पारदर्शक पाकिटात घालून मागच्या बाजूला पांढरा कागद लावला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मी तो कागद कापूनसुद्धा ठेवला. बरोब्बर मापाचा, तुमचीच लेक ना. मग तो बघून माझीच मला शरम वाटली. तिकडे जाऊन मुलांना मी काय शिकवणार?

पण बाबा, मला जायचं आहे. या एका गोष्टीसाठी मी वर्षभर सकाळची शिकवणी, दुपारी ग्रंथालय असं केलं आहे. सव्वीसला मी डॉक्टरबाईंना काय सांगू, हे मला आधी कळायला हवं. खरं काय झालं होतं? उलट टपाली लिहा. आई, तू लिही. फोनवर तू मला फक्त जेवलीस का विचारतेस.

रागावले नाही, फक्त विचारते आहे. माया पातळ करू नका.

तुमची
चिठोरी


दि. २१ फेब्रुवारी

चि. चिठोरीस,
आईचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. सातवीनंतर मी लिहिलं ते दूधवाल्याच्या वहीत. अक्षराला हसू नकोस. हे मघापासून शेजारी उभे राहून वेलांट्या दाखवत होते, त्यांना बाहेर पाठवलंय.

तू दोन वर्षांची होतीस. शेजारच्या शिंपीणबाईंनी कौतुकाने तुला उकडलेल्या अंड्याचा घास भरवला. पाच मिनिटांत तुझे ओठ असे फुगले की तू माझी वाटेनास. मग श्वासाची शिट्टी वाजायला लागली. तुझे बाबा कारखान्यात होते. मी तुला उचलून अनवाणी धावत दवाखान्यात नेलं. सिस्टरने सुई दिली आणि तासाभराने तू माझ्या बांगडीशी खेळायला लागलीस. तिने कार्डावर लाल शाईने लिहिलं की पुढे अंडे देऊ नये. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, काही मुलांचं जातं, काहींचं नाही. दोन-तीन वर्षांनी दाखवायला आण.

मी नेलं नाही. मला भीती वाटली. दाखवायचं म्हणजे पुन्हा देऊन बघायचं, असं मला वाटलं. त्यापेक्षा घरात अंडंच नको. तुला सांगितलं असतं तर तू चारजणींत बसून सांगत फिरली असतीस, मला हे चालत नाही, ते चालत नाही, आणि लोक तुला नाजूक ठरवून बाजूला बसवतील असं वाटलं. म्हणून मी सांगितलं की आपण खात नाही. तू प्रश्न विचारणारी, पण हे तू कधी विचारलं नाहीस. एकदा गोष्ट लपवली की ती सांगायचा दिवस सापडत नाही, असं माझं झालं.

तुझ्या बाबांना सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट लागायचं. त्या दिवसापासून आपल्या घरात अंडं आलं नाही. ते शनिवारी कारखान्याजवळच्या उपाहारगृहात खातात हे मला एकवीस वर्षं माहीत आहे. साबणाने हात धुऊन, चूळ भरून, बडीशेप खाऊन येतात आणि मग तुला जवळ घ्यायचे. शनिवारीच कसा साबण लागतो हे मला कळणार नाही होय? मी बोलले नाही. त्यांनाही वाटू दे की एक गोष्ट बायकोपासून लपली आहे.

आता ऐक. तू जावंस असं मला वाटत नव्हतं, हे तुला माहीत आहे. तुझं पत्र वाचून क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, चला, देवाने परस्पर अडवलं. मग तू तो पांढरा कागद कापलास ते वाचलं आणि बरं वाटणं तिथेच संपलं. मी लपवलं म्हणून तुला लपवावंसं वाटलं. तू थांबावंस तर माझ्या शब्दाखातर थांब, माझ्या लपवण्यामुळे थांबू नकोस. डॉक्टरबाईंना सगळं सांग. मी लिहिलंय तेही वाचून दाखव. त्या जा म्हणाल्या तर जा, मी तोंड वाकडं करणार नाही. नाही म्हणाल्या तर घरी ये. तो दोष माझा, आणि मी तो घेईन.

जेवलीस का हे मी विचारते कारण मला दुसरं विचारायची भीती वाटते. तरी जेव.

आई

ता. क. बाबांचे. चि. चिठोरी, मला आत येऊ दिलंय. ऑम्लेटबद्दल आत्ता वाचलं. कबूल. कापण्याआधी मागची बाजू मी वाचली नाही, कारागीर म्हणून ही माझी सगळ्यात मोठी चूक. कापण्याआधी वाचायचं, हे मी तुला शिकवलं आणि स्वतः विसरलो.


दि. ६ मार्च

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

या पत्राला दिवस लागले, कारण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सव्वीसला मी डॉक्टरबाईंच्या समोर कार्ड ठेवलं, मागची बाजू वर करून. फॉर्मवर खोटं लिहिलं गेलं आहे, ते दुरुस्त करायचं आहे, असं सांगितलं. आई, तुझं पत्र वाचून दाखवलं. शिंपीणबाईंपर्यंत त्या लिहून घेत होत्या, बडीशेपेपर्यंत आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. मला वाटलं आता ओरडा बसणार. त्या म्हणाल्या की रोज इथे सगळीकडे नाही लिहिणारी माणसं येतात, परत येऊन हो लिहिणारी पहिलीच बघतेय. सिस्टर म्हणाली, घाबरू नकोस, खुर्चीवरून घसरणाऱ्यांपैकी नाहीस तू. मी त्या दिवशी हूं की चूं केलं नव्हतं हे तिच्या लक्षात होतं!

मग मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे हातावर अंड्याच्या बलकाचा आणि पांढऱ्याचा एकेक थेंब टाकून सुईने नुसतं टोकरलं आणि पाव तास हाताकडे बघत बसवलं. बाबा, तुमचा तो पाव तास इथेही. काही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच लसीच्या थेंबाचं केलं. साधी लाली आली नाही. आई, तुझ्या सिस्टरने म्हटलं होतं तसं, काहींचं जातं. माझं कधी गेलं कुणास ठाऊक. न सांगता गेलं.

तरी डॉक्टरबाई म्हणाल्या की एकदा एवढं झालेलं आहे, तर लस त्यांच्या डोळ्यांसमोरच, आणि नंतर एक तास हलायचं नाही. काल सकाळी दिली. त्या तासभर सिस्टर दर पाच मिनिटांनी माझ्या ओठांकडे बघत होती. आई, मी तुझ्याबद्दल विचार करत होते. तू अनवाणी धावलीस तो रस्ता मला माहीत आहे, तो दवाखाना बस थांब्याच्या पलीकडे आहे. मोठी माणसंसुद्धा तिथे चालत जायला कुरकुरतात.

तास झाला. पिवळी पुस्तिका माझ्या हातात आहे. बावीसच्या आधी दहा दिवस सहज भरतात. मी जाते आहे!

कार्डाच्या शिक्क्यांची नोंद संस्थेने उतरवून घेतली. मूळ कार्ड सोबत पाठवते आहे. त्याची घडी मऊ पडली आहे, कडा उसवल्या आहेत. बाबा, नीट करून द्या. मला ते बरोबर न्यायचं आहे. फक्त यावेळी काही कापू नका.

आता लपवायला काही उरलं नसेल तर माया उघड्यावर असू दे.

तुमची
चिठोरी


दि. १२ मार्च

चि. चिठोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचलं. माझ्या चांगल्या कानाजवळ, दोनदा. तासभर बसवलं तिथे ती पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

सोबत पुडकं आहे. कापडी बांधणीचं छोटं पाकीट केलंय. डाव्या खणात तुझी पिवळी पुस्तिका बसेल, उजव्यात कार्ड आहे. शिलाई दुहेरी आहे, नऊ महिने काय, नव्वद वर्षं सुटणार नाही. कार्डाच्या घडीला पातळ कापड लावलं. आणि जिथे मी अर्धं बोट कापलं होतं तिथे तेवढ्याच मापाची कोऱ्या कागदाची पट्टी जोडली आहे. गुलाबी मिळाला नाही, पांढरी लावली. लाल ओळ पुढे या शब्दावर थांबते, त्याच्यापुढे आता जागा आहे. जाण्याआधी डॉक्टरबाईंकडून ती ओळ पुरी करून घे. अर्धवट ओळ मला बघवत नाही.

काल संध्याकाळी तुझी आई दुकानातून चार अंडी घेऊन आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, करा. मी म्हटलं, तू कर. तिला आता जमत नाही, एकवीस वर्षांत हात विसरला. मग दोघांनी मिळून एक फोडलं, अर्धं ओट्यावर गेलं. शेवटी जे झालं ते मी चाखलं आणि खरं सांगतो, उपाहारगृहातलं बरं असतं. हे मी बोलून बसलो. परत भिंतीकडे बघून वाढणं सुरू.

बाकीची तीन तशीच आहेत. ती म्हणते, चिठोरी परत आल्यावर तिच्यासमोर. मी म्हटलं, नऊ महिने अंडी टिकत नाहीत. ती म्हणाली, मग दर महिन्याला नवी आणू, पण ठेवू.

तुझ्या पत्रांची पाठ सरळ असू दे, आम्ही इथे घट्ट आहोत.

तुझा
बाबा

ता. क. आईकडून. पाणी उकळून. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. साप आहेत हे मला शेजारणीने सांगितलंय, तेव्हा बूट झटकून घाल.


दि. २० मार्च

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

सामान भरून झालं. शब्दकोश बरोबर घेते आहे. त्याच्या पाठीला मी आज नवा पुठ्ठा लावला, आधी दोन्ही बाजू वाचून. कोरा होता. कापड तुमचंच, खळ माझी. वास येत नाही, तपासलं.

सकाळी केंद्रात जाऊन आले. डॉक्टरबाईंनी तुमची पट्टी बोटाने चाचपून बघितली, जोड कुठे आहे ते त्यांना सापडेना. मग सिस्टरकडून लाल पेन मागून घेतलं आणि जिथे ओळ तुटली होती तिथूनच लिहिलं. आता ती ओळ अशी आहे: अंडे दिल्यावर ओठ व गळा सुजला, श्वास लागला, पुढे तपासणी केली, आता अंडे चालते, प्रवासास हरकत नाही. खाली तारीख आणि सही. दोन्ही लाल रंग वेगळे आहेत, एक एकवीस वर्षांचा आणि एक आजचा, पण ओळ एकच आहे.

आई, ती तीन अंडी ठेवू नकोस. आजच कर, दोघांनी खा, आणि बाबांच्या शनिवारी तू त्यांच्याबरोबर उपाहारगृहात जा. मी आल्यावर नवं आणू, ते माझं.

जेवले आहे. पोटभर.

ज्या मायेने कार्ड जोडलं तीच पाठीशी आहे, हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

तुमची
चिठोरी